जास्वंदीच्या शेंड्यावरचं पीठ

गणपती गेले आणि पाऊस ओसरला, की शहरातल्या गॅलऱ्यांमधल्या जास्वंदी पांढऱ्या पडायला लागतात. आधी एखाद्या शेंड्यावर, पानाचा देठ फांदीला मिळतो त्या खोबणीत, पिठाची चिमूट सांडल्यासारखं काहीतरी दिसतं. आठवड्याभरात कोवळी पानं आखडतात, शेंडा मुडपतो, कळ्या उमलायच्या आतच गळतात. खालच्या पानांवरून हात फिरवला तर बोटं चिकट होतात. आणखी काही दिवसांनी त्याच पानांवर काजळी धरते. मग दसऱ्याच्या साफसफाईत घरातलं कुणीतरी कुंडीकडे बघतं आणि निदान करून मोकळं होतं: बुरशी आलीय.

बुरशी नसते ती. टाचणीचं टोक त्या पिठातून फिरवून बघावं. पीठ चालायला लागतं. त्यातला प्रत्येक कण म्हणजे चपटा, लंबगोल, मऊ अंगाचा आणि मेणाच्या भुकटीने माखलेला एकेक कीटक असतो. शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात, नर्सरीत मिलीबग म्हणतात. बुरशी समजून लोक बुरशीनाशक मारतात, हळद टाकतात, पाणी तोडतात. यातल्या कशानेही ढेकणाचं काही बिघडत नाही, आणि मग ‘एवढं औषध मारलं तरी जात नाही’ ही तक्रार सुरू होते. घरच्या झाडांवरचे बहुतेक उपाय फसतात ते इथेच. औषध आधी येतं, ओळख नंतर.

तेव्हा आधी ओळख. मिलीबगची मादी म्हणजे सोंड रुतवून बसलेलं एक पोट. तिला पंख फुटत नाहीत. झाडाच्या ज्या नळ्यांतून पानात तयार झालेलं अन्न खाली वाहतं, त्या नळीत ती सोंड घालते आणि रस ओढत राहते. या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं अगदी कमी. प्रथिनांची गरज भागवायची तर रस पुष्कळ प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून सोडून द्यावी लागते. खालच्या पानांवर पडतो तो चिकटा म्हणजे हीच साखर. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते, तीच काजळी. म्हणजे बुरशी असतेच, पण ती शेवटी येते. तिला पुसून काढलं तरी वरचा नळ चालूच राहतो. नराला मात्र पंख असतात आणि तोंड कामाचं नसतं. दोन-चार दिवस जगतो, माद्या शोधतो, मरतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

खरी धोक्याची अवस्था म्हणजे नुकतं जन्मलेलं पिल्लू. डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढं, अंगावर मेण नसलेलं, आणि पायांनी तुरुतुरु चालणारं. फांदीला फांदी टेकली तर ते पलीकडच्या कुंडीत जातं. वाऱ्याने उडतं, झाडाला लागलेल्या बाहीवरून जातं, कात्रीवरून जातं, मुंग्यांच्या मागोमाग जातं. एका मादीची पिल्लं शेकड्यांनी मोजावी लागतात, आणि उबदार हवेत अंड्यापासून पुढच्या मादीपर्यंत साधारण महिनाभर लागतो. एका शेंड्यावरची चिमूट दिवाळीपर्यंत सगळ्या ग्रिलवर कशी पसरते, याचं गणित एवढंच आहे.

आपल्या गॅलऱ्यांत येणारे सगळे पिठे ढेकूण एकाच जातीचे नसतात. पाठीवर पिठातून गडद ठिपक्यांच्या दोन ओळी दिसल्या तर तो बहुधा कपाशीवरचा मिलीबग, फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. पीठ बाजूला केल्यावर अंग गुलाबी निघालं तर तो जास्वंदीचा जुना वैरी मॅकोनेलिकॉकस, द्राक्षबागायतदारांच्या चांगल्या ओळखीचा. याच्या लाळेमुळेच जास्वंदीचा शेंडा आखडून गुच्छासारखा होतो. अंग पिवळं निघालं तर पपईवरचा मिलीबग असण्याची शक्यता अधिक. त्याची एक खूण कीटकशास्त्रज्ञांना उपयोगी पडते: स्पिरिटात टाकला की तो काळा पडतो. घरात एवढी जातवारी लावायची गरज नाही, कारण हाताने करायचा उपाय तिघांनाही सारखाच लागू पडतो. पण हे तिघे इथे कसे पोचले ते समजलं, की आपल्या गॅलरीचं खरं दुखणं लक्षात येतं.

*

पपईवरचा मिलीबग मूळचा मेक्सिकोकडचा. तिथे त्याचा कुणाला विशेष उपद्रव नव्हता. १९९०च्या दशकात तो कॅरिबियन बेटांवर पसरला आणि २००८ साली भारतात पहिल्यांदा कोइम्बतूरला सापडला. दोन वर्षांच्या आत तमिळनाडूतली पपई, तुती आणि टॅपिओका पांढरी झाली. शेतकऱ्यांनी एकावर एक औषधं मारली. मेणाखालच्या ढेकणाला त्याची फारशी झळ लागली नाही; मेले ते इतर कीटक. पुढे महाराष्ट्रातल्या पपईपर्यंतही तो आला. जास्वंद, चाफा आणि रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत, सगळं त्याला चालतं.

मेक्सिकोत तो आटोक्यात का होता, याचं उत्तर एका किड्यात होतं. किडा म्हणजे मिलिमीटरभराची गांधीलमाशीची भावकी, अॅसेरोफॅगस पपाये. ती मिलीबगच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, आणि ढेकणाचं फक्त फुगलेलं, वाळलेलं टरफल उरतं. २०१० साली बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याकडून, प्वेर्तो रिकोमधून, ही माशी तिच्या आणखी दोन भाईबंदांसह मागवली, वाढवली आणि शेतांत सोडली. काही महिन्यांतच पपईवरचं पीठ ओसरायला लागलं. जगभरात कीटकाने कीटक आवरल्याची जी यशस्वी उदाहरणं दिली जातात, त्यांत आता हे घेतलं जातं.

कपाशीवरच्या मिलीबगची गोष्ट याहून मजेची. २००५च्या आसपास तो गुजरातेत आणि मग विदर्भात कपाशीवर दिसायला लागला. हाही अमेरिकेचाच, १८९८ साली न्यू मेक्सिकोमध्ये त्याची पहिली नोंद झाली ती मुंग्यांच्या वारुळात. याच्यावर मात्र कुणी माशी मागवली नाही, ती आपणहून येऊन पोचली होती. २००९ साली भारतातल्या नमुन्यांवरून तिला नवीन जात म्हणून नाव मिळालं एनासियस बंबावालेई, राष्ट्रीय कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. पुढे ठरलं की हीच माशी अमेरिकेत फार आधी वेगळ्या नावाने नोंदलेली आहे, आणि नियमाप्रमाणे जुनं नाव कायम राहिलं. मराठी आडनाव शास्त्राच्या वहीत थोडी वर्षं झळकून गेलं. माशीला त्याचं काही नाही. ती आजही, कपाशीवर असो वा जास्वंदीवर, याच मिलीबगमध्ये अंडी घालते आहे.

गुलाबी ढेकणाने उलटा प्रवास केला. तो आशियाचा, आपल्याकडे कायमचा. १९९४ साली तो कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला आणि तिथली जास्वंदीची कुंपणं त्याने उभी वाळवली. आशियातल्या परजीवी माश्या आणि मिलीबग खाणारे ढालकिडे तिकडे नेऊन सोडले, तेव्हा तो आवरला. इथे जो कीटक रडतखडत जगतो तोच तिकडे राज्य करतो, कारण प्रवासात त्याचे शत्रू मागे राहतात.

घरातली कुंडी म्हणजे असंच एक बेट आहे. माझ्या मते सगळ्या सल्ल्यांत हीच गोष्ट सांगायची राहून जाते. कीड सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत सहसा उडत येत नाही, ती आपणच लिफ्टमधून आणतो. पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत दिसणारी पुष्कळ रोपं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. गोदावरीकाठच्या त्या पट्ट्यात मैलोन्‌मैल नर्सऱ्या आहेत. रोपं तिथून एकमेकांना चिकटून निघतात, इथे नर्सरीत एकमेकांना चिकटून उभी राहतात, आणि त्यांतलं एक रविवारी आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसतं. पानाच्या बेचक्यात दोन ढेकूण असले तरी नव्या फुलाच्या नादात ते दिसत नाहीत. मग ते रोप आपण ग्रिलमध्ये इतर कुंड्यांच्या मधोमध नेऊन ठेवतो. ढेकूण आला, त्याची माशी, त्याचा ढालकिडा खालच्या जमिनीवरच राहिला. त्यात जाळी लावलेली, रोज पुसून काढलेली, डासांसाठी संध्याकाळी औषध मारलेली गॅलरी. तिथे ढालकिड्याचं काम करायला माणसाशिवाय कुणी उरतच नाही.

म्हणून नवीन रोप आणलं की दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवावं, हा नियम मी सगळ्यांत वर ठेवेन. नर्सरीत घेतानाच पान उलटून बघावं, शेंडा उघडून बघावा, शक्य असेल तर पिशवी सोडवून मुळंही बघावीत. मुळांवर राहणारा मिलीबग वेगळा असतो. अडेनियम आणि निवडुंगाच्या कुंड्यांत तो मातीखाली असतो आणि वरून काहीच दिसत नाही. झाड नुसतंच खंगत जातं. कुंडी उलटी करून मातीचा गोळा काढला, की मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर निळसर-पांढरं पीठ दिसतं. त्याला इलाज म्हणजे सगळी माती झटकून टाकणं, मुळं धुणं, कुंडी घासणं आणि नवीन माती.

*

हाताने करायच्या उपायाला लोक हसतात, पण घरगुती प्रमाणात त्याच्यासारखा दुसरा नाही. कानकोरणीच्या कापसाचा बोळा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटात बुडवायचा आणि दिसेल त्या ढेकणाला टेकवायचा. मेण विरघळतं, ढेकूण जागच्या जागी तपकिरी होतो. फार भरलेला शेंडा असेल तर तो कापून पिशवीत बांधून टाकायचा. कुंडीखाली फेकायचा नाही, ढेकूण चालत परत येतात. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, पानांच्या खालून. त्यानंतर साबणाचं पाणी: लिटरभर पाण्यात सौम्य द्रव साबण ५ मिलि. साबण मेणाचा थर आणि त्याखालची कातडी फोडतो, पण तो ओला असेपर्यंतच काम करतो. वाळलेला साबण कुणाला मारत नाही. म्हणून फवारा नुसता वरून न मारता प्रत्येक बेचक्यात पोचवायचा, संध्याकाळी मारायचा, आणि दर पाच-सात दिवसांनी तीनदा तरी मारायचा, कारण अंड्यांच्या पिशवीत साबण शिरत नाही. आज मारले ते मोठे, पुढच्या आठवड्यात निघतील ती पिल्लं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात चुकलेली. लोक पहिल्या फवाऱ्यानंतर थांबतात. कपडे धुवायची पावडर मात्र वापरू नये, पानं करपतात. रिठ्याचं पाणी चालतं. आजीच्या काळापासून घरात आहे आणि फेसही तेवढाच येतो. कुठलंही पाणी आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघावं.

या सगळ्यात मुंग्यांना विसरून चालत नाही. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पुष्कळ जण मुंग्याच कीड आहेत असं समजतात. मुंग्या येतात त्या चिकट्यासाठी. त्या बदल्यात ढेकणांच्या शत्रूंना हाकलून लावतात आणि पिल्लं नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. गवळ्याने गुरं राखावीत तशी ही राखण असते. रांग वर चढताना दिसली तर वर कुठेतरी दूध देणारं जनावर आहे, असं समजून शोध घ्यावा. आणि कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवून, भिंतीला टेकलेली फांदी छाटून मुंग्यांची वाट तोडावी. मुंग्या गेल्या की बाहेरचे शत्रू कधीमधी कामाला लागतात.

त्यांतल्या एकाला तर आपणच मारतो. क्रिप्टोलीमस हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा. पाठ काळपट, डोकं आणि शेपटीकडचा भाग नारिंगी, आकार जेमतेम मुगाच्या डाळीएवढा. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला. कॉफीपेक्षा त्याचं मन मिलीबगवर जास्त रमलं. आज प्रयोगशाळांत लाल भोपळ्यांवर मिलीबग वाढवतात आणि त्या मिलीबगवर हा ढालकिडा वाढवतात. द्राक्षबागांत सोडायला तो विकतही मिळतो. गंमत त्याच्या अळीची. ती अंगभर पांढऱ्या मेणाचे झुबके घेऊन फिरते आणि हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते. स्पिरिटचा बोळा घेऊन बसलेला माणूस साहजिकच सगळ्यांत मोठा ढेकूण आधी टिपतो, आणि तोच त्याचा एकमेव मदतनीस असतो. ओळखायची रीत सोपी आहे: झुबके लांब आणि विस्कटलेले असतात, अंग सेंटिमीटरभर होतं, आणि टोचलं की ती झटक्यात चालायला लागते. मिलीबग असा पळत नाही.

मिलीबगच्या एका लांबच्या नातेवाइकाची करामत जाता जाता सांगण्यासारखी आहे. १७९५ साली कोलकात्यात ब्राझीलहून कोचिनीलचा किडा आणला गेला, किरमिजी रंगासाठी. आणला तो चुकीच्या जातीचा निघाला; रंग काही धड मिळाला नाही, पण या पिठ्या किड्याने उत्तर आणि मध्य भारतातली निवडुंगाची रानंच्या रानं खाऊन टाकली. १९२६ साली दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेहून मुद्दाम आणला गेला तो दक्षिणेतला फड्या निवडुंग संपवण्यासाठी, आणि त्याने तो बऱ्याच अंशी संपवला. शेताचा बांध निवडुंगातून मोकळा करणारा आणि गॅलरीतली जास्वंद वाळवणारा, दोघांचं घराणं एकच.

*

मिलीबगइतकी सतावणारी दुसरी कीड म्हणजे लाल कोळी. हा किडाच नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या भावकीतला. पान फिकट पडतं, वरून बारीक पिवळे ठिपके दिसतात, फार झालं की शेंड्याला जाळं धरतं. ओळखायला पांढरा कागद पुरतो: पानाखाली धरून टिचकी मारायची, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. कोरड्या उष्ण हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून तो ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्चनंतर गुलाबावर येतो. आणि एसीच्या खोलीतल्या अरेका पामवर बाराही महिने. त्याला कीटकनाशक मारणं म्हणजे निमंत्रण. कोळ्याला फारसं काही होत नाही, त्याला खाणारे मात्र मरतात, आणि पंधरा दिवसांत कोळी दुप्पट दिसतो. पाम न्हाणीघरात नेऊन शॉवरखाली पानांच्या दोन्ही बाजू धुणं, आणि हे आठवड्यातून दोनदा करत राहणं, याने बहुतेक वेळा काम भागतं.

मिरचीच्या कुंडीत पानं वळली की शेतकरी त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या आणि पान उलट्या होडीसारखं लांबट झालं तर पिवळा कोळी. कुंडीत मिरची लावणाऱ्याने एवढं एक लक्षात ठेवलं तरी चुकीची बाटली आणायचं टळतं. चाफ्याच्या आणि पेरूच्या पानांखाली पांढऱ्या मेणाची वेटोळी दिसतात ती चक्राकार पांढरी माशी. ती १९९३ साली केरळात पहिल्यांदा दिसली आणि तिथून सगळीकडे पसरली. चाफ्याची तेवढी पानं काढून टाकावीत. चाफा दगावत नाही.

घरात सोफ्याजवळ उडणारी काळी चिलटं केळ्यांवरची असतात असं समजून लोक फळं झाकतात. ती मनी प्लांटच्या ओल्या मातीतून येत असतील तर ती बुरशीमाशी. तिच्या काळ्या डोक्याच्या अळ्या वरच्या दोन बोटं मातीत राहतात. खात्री करायची तर बटाट्याची चकती मातीवर रात्रभर ठेवावी, सकाळी तिच्याखाली अळ्या जमलेल्या असतात. दोष माशीचा कमी, पाण्याचा जास्त. घरातल्या कुंडीला रोज पाणी घालणं ही आपल्याकडची माया आहे, आणि या मायेनेच जेवढी झाडं मरतात तेवढी किडीने मरत नसतील. वरची माती पूर्ण वाळू द्यायची, उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट सापळा लावायचा. पिढी तीन-चार आठवड्यांची असल्याने महिनाभर तरी धीर धरायचा.

माया खताच्या बाबतीतही नडते. फुलं येत नाहीत म्हणून युरिया किंवा डीएपीचे दाणे टाकले की लुसलुशीत, नत्राने भरलेली पालवी फुटते, आणि रस शोषणाऱ्या किडीला याहून चांगलं ताट नाही. शेवंतीच्या कळ्यांवर मावा कसा तुटून पडतो ते अशा कुंडीत बघावं. मावा असला तर आधी बोटांनी चिरडावा, मग पाण्याने धुवावा. तो मेणाशिवायचा असल्याने साबणाला लगेच शरण येतो.

आणि काही पाहुण्यांना तसंच राहू द्यावं. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं जे दिसतं ते बऱ्याचदा लिंबाळी फुलपाखराचं सुरवंट असतं. मोठं झालं की ते हिरवं होतं, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून कुजलेल्या लिंबासारखा वास सोडतं. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन याच कुळातलं. त्याची पिल्लंही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. एक सुरवंट कढीपत्त्याच्या पाच-सात डहाळ्या खाईल. फोडणी आठवडाभर कढीपत्त्याविना होईल. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखे गोल काप दिसले तर ती पानकापी माशी; तिने ती चकती घरट्याला नेली आहे, झाडाचं काही बिघडत नाही. तिच्यासाठी फवारा उचलायचं कारण नाही.

*

औषधाची बाटली आणायची वेळ येतेच, तेव्हा बहुतेक जण कडुनिंबाचं तेल आणतात आणि ते चुकीच्या पद्धतीने मारतात. तेल पाण्यात मिसळत नाही. आधी चमचाभर साबणात किंवा रिठ्याच्या पाण्यात घोटून मग लिटरभर पाण्यात ५ मिलि या हिशेबाने घालावं लागतं, नाहीतर पानावर तेलाचे थेंब पडून डाग पडतात. तेलातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडतं, म्हणून संध्याकाळी मारायचं. शिवाय ते मारतं कमी आणि अडवतं जास्त: कीटकाची भूक जाते, कात टाकणं बिघडतं, अंडी कमी होतात. दुसऱ्या दिवशी ढेकूण मेलेले दिसत नाहीत म्हणून ‘निंबाचा काही उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्यांनी दोन आठवडे थांबून बघावं. शेतकऱ्यांचा ५ टक्के निंबोळी अर्क घरीही होतो. ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालायचा, आणि त्याच दिवशी वापरायचा.

या झाडाचा शास्त्रीय इतिहासही आपल्या जवळचा आहे. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की निंबोळीचं पाणी मारलेल्या पिकाला टोळही तोंड लावत नाही. पुढे अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा, की प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा पूर्ण जुळवायला २००७ साल उजाडलं. कडुनिंबाच्या तेलावर आधारलेल्या बुरशीनाशकाचं युरोपातलं पेटंट एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळालं होतं. ते २००० साली रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही रद्दच राहिलं. एवढा सगळा खटला ज्या झाडासाठी लढला गेला, त्याच्या निंबोळ्या जूनमध्ये आपल्या फुटपाथवर पायाखाली तुडवल्या जातात.

इतर घरगुती पाण्यांबद्दल थोडा हात आखडता घ्यावासा वाटतो. ताक, हिंग, हळद यांनी एखाद्याची जास्वंद बरी झाली असेल. पण त्या पाण्यासोबत झाड धुतलंही गेलं होतं, हे लक्षात घ्यावं. दशपर्णी अर्क शेतात ठीक, फ्लॅटमध्ये त्याचा वास शेजाऱ्यांशी असलेले संबंध संपवतो. तंबाखूचं पाणी तर मुळीच नको. निकोटिन कातडीतून अंगात जातं, आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत उतरू शकतो. झुरळा-डासांचा डब्यातला फवारा झाडावर मारणारेही आहेत; त्यातल्या तेलाने ढेकणाआधी पानच जळतं.

गावाहून शेतातलं औषध पाण्याच्या बाटलीत सुट्टं आणण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी, आणि इथे मला सौम्य बोलता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक माणसं गेली. ती मोकळ्या रानात काम करत होती. आपण तेच रसायन बंद गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी, रांगत्या मुलाच्या उंचीवर मारतो. कायद्याने प्रत्येक बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. सुट्ट्या बाटलीवर तो त्रिकोण नसतो, मात्रा नसते, उतारा नसतो. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची बाटली घरात येऊच देऊ नये. एवढी वेळ आली असेल तर झाड टाकून द्यावं. ४० रुपयांची जास्वंद नर्सरीत परत मिळते.

तुळशीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिच्यावर काहीच मारता येत नाही. पान तोंडात जातं. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिची पानं वळतात, वाळतात, खालच्या बाजूला काळे ठिपके दिसतात. भिंग लावलं तर जाळीसारख्या पंखांचे दोन-तीन मिलिमीटरचे किडे दिसतात, आणि काळे ठिपके ही त्यांची विष्ठा. शेंडे चार बोटं खाली छाटून पिशवीत बांधून टाकायचे, उरलेली तुळस पानांच्या खालून साध्या पाण्याने धुवायची, दोन-तीन दिवसांआड, पंधरा दिवस. मंजिऱ्याही खुडायच्या, किडे त्यांच्यातही बसतात, आणि बी धरलेली तुळस तशीही नवी पालवी देत नाही. छाटलेल्या तुळशीला फूट यायला दोन-तीन आठवडे लागतात. तुळशीचं लग्न कार्तिकी द्वादशीला, तेव्हा कात्री दसऱ्यानंतर लगेच लावलेली बरी.